चालत्या गाडीतला फोन आणि मागून येणारा कायदा

एसटीच्या गाडीत पुढच्या बाजूला 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये' ही सूचना रंगवलेली असते. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी अक्षरओळख झाल्यावर वाचलेल्या पहिल्या काही पाट्यांत ती असेल. पन्नास माणसांचा जीव ज्याच्या हातात आहे त्याचं चित्त रस्त्यावरच असलं पाहिजे, एवढीच साधी गोष्ट ती सांगते. बोलणारा कोण, कशावरून बोलतो, कोणत्या हातात काय धरून बोलतो, याची चौकशी ती करत नाही. मोबाईल आल्यावर जगभरच्या कायदेमंडळांनी जे कायदे केले, त्यांनी मात्र नेमकी हीच चौकशी केली. फोन हातात होता का? कानाला होता का? संदेश लिहिला की नुसता वाचला? गाडी चालत होती की सिग्नलला उभी होती? या कायद्यांचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास म्हणजे असे प्रश्न, त्यांच्या फटीतून सुटलेली माणसं आणि मग पुन्हा दुरुस्त केलेली कलमं.

गाडीतला फोन मुळात जुना. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मोटारीतून पहिला व्यावसायिक दूरध्वनी झाला. यंत्रणा अवजड, भाडं महाग आणि वापरणारे मूठभर, त्यामुळे कुणाला कायद्याची गरज वाटली नाही. पुढची पन्नास वर्षं अशीच गेली. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने संगणकावरून एका मोबाईलवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. लघुसंदेशाची ती सुरुवात. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला आणि भारतात मोबाईल सुरू झाला. तेव्हा फोन घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत, त्यामुळे गाडी चालवताना गप्पा मारण्याची चैन फार थोड्यांना परवडायची.

धोक्याचं पहिलं भक्कम मोजमाप १९९७ साली टोरांटोत झालं. डोनाल्ड रेडलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ मोबाईलधारक चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, असं त्यांना आढळलं. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती. फोन हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोकाही कमी झालेला दिसला नाही. हात मोकळे असले तरी मन गुंतलेलंच राहतं. कायदे करणाऱ्यांनी पहिला निष्कर्ष उचलला आणि दुसरा बाजूला ठेवला. पुढच्या बऱ्याचशा गोंधळाचं मूळ इथे आहे, कारण हातात धरलेला फोन पोलिसाला दिसतो, गुंतलेलं मन दिसत नाही.

१९९९ साली ओहायो राज्यातल्या ब्रुकलिन या क्लीव्हलँडजवळच्या छोट्या गावाने गाडी चालवताना मोबाईलवर बोलायला बंदी केली. अमेरिकेतलं ते पहिलं गाव. सीटबेल्टची सक्तीही याच गावाने १९६६ साली सर्वांत आधी केली होती. जपाननेही १९९९ सालीच कायदा केला. नोव्हेंबर २००१ पासून न्यूयॉर्क हे हातातल्या फोनवर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. हे सगळे कायदे कानाला लावलेल्या फोनवर रोखलेले होते. अंगठ्याने टाईप करत कुणी गाडी हाकेल, हे तेव्हा गृहीतच धरलेलं नव्हतं. संदेश लिहिण्यावर राज्यव्यापी बंदी घालणारा पहिला कायदा वॉशिंग्टन राज्यात २००७ साली झाला आणि १ जानेवारी २००८ पासून लागू झाला. त्यात एक मोठं भोक होतं. नुसता संदेश लिहिताना दिसला म्हणून पोलिसाला गाडी थांबवता येत नसे. आधी दुसऱ्या कुठल्या तरी गुन्ह्यासाठी थांबवायचं, मग संदेशाचा दंड लावायचा. हे भोक बुजायला २०१० उजाडलं.

या सगळ्या काळातली एक घटना सविस्तर सांगण्याजोगी आहे.

२२ सप्टेंबर २००६. युटा राज्यातल्या लोगन शहराजवळचा रस्ता, पहाटेची वेळ, रिमझिम पाऊस. कामावर निघालेल्या १९ वर्षांच्या तरुणाची गाडी मधली पिवळी रेघ ओलांडून समोरून येणाऱ्या मोटारीला घासली. ती मोटार गरकन फिरली आणि दुसऱ्या एका अवजड गाडीखाली आली. आतले दोन शास्त्रज्ञ जागीच गेले. तरुणाला खरचटलंही नाही. गाडी पाण्यावरून घसरली, असं त्याने सांगितलं. सरकारी तपासात बहुधा त्यावरच पडदा पडला असता. पण त्याला आपल्या गाडीतून नेणाऱ्या महामार्ग पोलिसाच्या लक्षात आलं की पोरगा एका हाताने सारखा संदेश लिहितोय. त्याला शंका आली. त्याने चिकाटीने फोन कंपनीकडच्या नोंदी मिळवल्या, त्याला महिने लागले. अपघाताच्या आधी संदेशांची ये-जा चालू होती, हे त्यात स्पष्ट दिसलं.

आता खटला कशाचा भरायचा? युटात गाडी चालवताना संदेश लिहिणं हा गुन्हाच नव्हता. सरकारी वकिलांनी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा किरकोळ प्रतीचा आरोप ठेवला. तरुणाने शेवटी गुन्हा कबूल केला आणि त्याला महिनाभराची कैद झाली. २००९ साली तो स्वतः युटाच्या कायदेमंडळासमोर उभा राहिला आणि आपल्या हातून काय घडलं ते त्याने सांगितलं. त्या वर्षी युटाने जो कायदा केला तो अमेरिकेतल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक होता. संदेश लिहिताना कुणाचा जीव घेतला तर १५ वर्षांपर्यंत कैद. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला जसं 'मला धोका ठाऊक नव्हता' असं म्हणता येत नाही, तसं संदेश लिहिणाऱ्यालाही म्हणता येणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. एवढ्या सगळ्याची सुरुवात एका पोलिसाच्या शंकेतून झाली. ती आली नसती तर दोन माणसं पावसाने मेली अशीच नोंद राहिली असती.

त्याच सुमारास रेल्वेलाही हाच फटका बसला. १२ सप्टेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ इथे प्रवासी गाडी मालगाडीवर आदळून २५ माणसं मेली. प्रवासी गाडीचा चालक संदेशांत गुंतला होता आणि त्याने लाल सिग्नल पाहिलाच नाही. महिना उलटायच्या आत अमेरिकेच्या रेल्वे प्रशासनाने कामावर असताना मोबाईल वापरायला तातडीची बंदी घातली. पुढच्या वर्षी व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संशोधन संस्थेने ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून केलेली पाहणी जाहीर केली. संदेश लिहिणाऱ्या ट्रकचालकाला अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका २३ पट होता. अशा प्रसंगाच्या आधीच्या ६ सेकंदांपैकी ४.६ सेकंद त्याची नजर फोनवर असायची. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे ७७ मीटर जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, ताशी १००च्या वेगाने, सव्वाशे मीटरहून जास्त. एवढं अंतर गाडी जणू डोळे मिटून चालवली जाते.

कायदे झाले, पण त्यांनी अपघात कमी झाले का? २०१० साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने कॅलिफोर्निया, लुईझियाना, मिनेसोटा आणि वॉशिंग्टन या चार राज्यांतले बंदीपूर्वीचे आणि बंदीनंतरचे दावे तपासले. घट दिसली नाहीच, तीन राज्यांत उलट थोडी वाढ दिसली. संशोधकांनी दिलेलं संभाव्य कारण विचार करायला लावणारं आहे. बंदीआधी लोक फोन स्टिअरिंगच्या वर, नजरेच्या टप्प्यात धरत. बंदीनंतर पोलिसाला दिसू नये म्हणून तो मांडीवर घेऊ लागले आणि मान खाली गेली. मिसूरी राज्यात त्याच वर्षी ५ ऑगस्टला ग्रे समिट इथे एका तरुणाने ११ मिनिटांत ११ संदेशांची देवाणघेवाण केली आणि रस्त्याच्या कामामुळे मंदावलेल्या ट्रकवर त्याची गाडी आदळली. मागून दोन शाळेच्या बस येऊन धडकल्या. तो आणि बसमधली एक विद्यार्थिनी असे दोघे गेले. मिसूरीत २१ वर्षांखालच्या चालकांना संदेश लिहायला आधीपासून बंदी होती. तो १९ वर्षांचा होता.

म्हणजे कलम पुस्तकात असणं आणि रस्त्यावर असणं यात फरक आहे. तो कसा मिटवायचा, हे अमेरिकेतल्या हार्टफर्ड आणि सिराक्यूज या दोन शहरांनी २०१० आणि २०११ साली दाखवलं. हार्टफर्डच्या पोलिसांनी साधी युक्ती केली. एक पोलीस रस्त्याच्या कडेला उभा राहून गाड्यांत डोकावायचा आणि वायरलेसवरून पुढच्या चौकातल्या सहकाऱ्याला गाडीचं वर्णन द्यायचा. सिराक्यूजमध्ये उंच गाड्यांतून गस्त घातली गेली, कारण उंचावरून मांडीवरचा फोन दिसतो. सोबत टीव्हीवर आणि रेडिओवर मोहिमेची जाहिरात चालू होती. हातातल्या फोनचा वापर हार्टफर्डमध्ये निम्म्याहून खाली आला, सिराक्यूजमध्ये सुमारे एक तृतीयांशाने घटला. दंडाची रक्कम तीच होती. बदलली होती ती पकडलं जाण्याची खात्री.

ब्रिटनची अडचण वेगळी होती. तिथे १ डिसेंबर २००३ पासून बंदी आहे. दंड ३० पौंडांवरून ६०, मग १००, आणि १ मार्च २०१७ पासून २०० पौंड व परवान्यावर ६ गुण असा चढत गेला. नव्या चालकाचा परवाना दोन वर्षांच्या आत ६ गुण झाले की रद्द होतो, म्हणजे एका चुकीत परवाना जातो. इतका कडक कायदा २०१९ साली उच्च न्यायालयात अडखळला. लंडनच्या उपनगरात एका चालकाने गाडी चालवता चालवता रस्त्यावरच्या अपघाताचं मोबाईलवर चित्रण केलं. पोलिसाने पकडलं, खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलं, पण तो अपिलात सुटला. कायद्यात बंदी होती ती फोनचा वापर संपर्कासाठी करण्यावर, आणि चित्रण म्हणजे संपर्क नव्हे! न्यायाधीशांनी हे वागणं सुरक्षित ठरवलं नव्हतं, पण २००३च्या शब्दांत ते बसत नव्हतं. २५ मार्च २०२२ पासून ब्रिटनने शब्द बदलले. आता फोटो काढणं, गाणी शोधणं, खेळ खेळणं हे सगळं बंदीत येतं.

भारतात ही फट त्याहून मोठी होती. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोबाईलचा शब्दही नव्हता, असण्याचं कारणही नव्हतं. परवाना निलंबित करण्याची कारणं देणाऱ्या केंद्रीय नियमावलीत पुढे मोबाईलची भर पडली, पण शिक्षेसाठी पोलिसांना कलम १८४, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवणं, किंवा किरकोळ दंडाच्या तरतुदींचा आधार घ्यावा लागे. महाराष्ट्रात मोबाईलचा दंड २०० रुपये होता. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन समितीने राज्यांना सांगितलं की सिग्नल तोडणं, दारू पिऊन गाडी चालवणं यांच्या जोडीने मोबाईल वापरणाऱ्याचाही परवाना किमान तीन महिने निलंबित करा. हे काम परिवहन कार्यालयाचं, पकडणारा पोलीस मात्र दुसऱ्या खात्याचा. दोन खात्यांमधल्या प्रवासात बरेच प्रस्ताव थंडावतात.

ही फट उघडी पडली ती केरळात. तिथले पोलीस फोनवर बोलणाऱ्यांवर केरळ पोलीस कायद्याचं ११८(ई) हे कलम लावत. जाणूनबुजून सार्वजनिक सुरक्षा धोक्यात आणणाऱ्यासाठी ते कलम आहे. मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल दिला की नुसतं फोनवर बोलत गाडी चालवणं या कलमाखाली गुन्हा ठरत नाही, लोकांना धोका झाल्याचं दाखवावं लागेल, कारण अशा बोलण्याला मनाई करणारी तरतूद कायदेमंडळाने केलेलीच नाही. वर्तमानपत्रांतून देशभर चर्चा झाली. न्यायालयाचा दोष काढण्यात अर्थ नव्हता. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक संसदेत अडकून पडलं होतं. २०१७च्या एप्रिलमध्ये लोकसभेत मंजूर झालेली दुरुस्ती राज्यसभेत रखडली आणि लोकसभेची मुदत संपताच बाद झाली.

केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी ती २०१९ साली पुन्हा आणली आणि १ सप्टेंबरपासून कलम १८४ मध्ये 'हातात धरायच्या संपर्कसाधनाचा वापर' थेट नाव घेऊन आला. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, तीन वर्षांत पुन्हा केला तर १०,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. गडकरींच्या स्वतःच्या राज्याने मात्र नवे दंड थांबवून ठेवले. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचाराचं पत्र लिहिलं. दंड डोईजड आहे, ही भावना लोकांत खरोखरच होती, हे मान्य केलं तरी दोन वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रात जुनेच २०० रुपये चालत राहिले, ही गोष्ट समर्थनीय नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नवे तडजोड दंड आले, दुचाकीला १,००० आणि चारचाकीला २,००० रुपये.

दरम्यान ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांनी एक सवलत दिली. रस्ता शोधण्यासाठी फोन वापरता येतो, मात्र लक्ष विचलित होता कामा नये. नकाशाशिवाय अनोळखी शहरात फिरणं आज अवघड आहे, त्यामुळे सवलत रास्तच. पण घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या दुचाकीस्वाराकडे पाहिलं की तिची मर्यादा कळते. हँडलला लावलेल्या फोनवर नकाशा असतो, त्याच पडद्यावर नवी ऑर्डर येते, ती घ्यायला बोट लावावं लागतं, ग्राहकाचा फोनही तिथेच वाजतो. त्याचा नकाशा आणि त्याचा रोजगार एकाच काचेवर आहेत. दंड त्याच्या एकट्याच्या नावावर फाटतो. चालत्या गाडीवर ऑर्डर पाठवणाऱ्या व्यवस्थेला कायदा अजून काही विचारत नाही.

चौकातली अंमलबजावणी जवळून पाहिली तर हवालदाराची कसरत दिसते. हेल्मेटच्या आत गालाशी खुपसलेला फोन, मान वाकडी करून खांद्यात धरलेला फोन, काळसर काचेआड मांडीवर उजळलेला पडदा. मुंबईत २०१६च्या ऑक्टोबरपासून ई-चलन आलं आणि पावतीपुस्तकाची जागा हातातल्या यंत्राने घेतली. आता फोटो लागतो, आणि फोटोत नंबरप्लेट यायला हवी, फोनही यायला हवा. मागून फोटो काढला तर नंबर येतो, हात येत नाही. समोरून काढायला जावं तर गाडी निघून जाते. हेल्मेट नाही हे सिद्ध करायला एक नजर पुरते, मोबाईल सिद्ध करायला नशीब लागतं. चलन निघालं तरी पैसे येतात असं नाही. थकीत चलनांचे ढीग लोकअदालतीत तडजोडीला येतात.

म्हणून नजर कॅमेऱ्याकडे वळली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने १ डिसेंबर २०१९ पासून मोबाईल पकडणारे कॅमेरे रस्त्यावर बसवले, जगात पहिल्यांदाच. वरून, समोरच्या काचेतून, चालकाच्या मांडीपर्यंतचं चित्र घ्यायचं, संगणकाने संशयित चित्रं निवडायची आणि मग माणसाने तपासायची. त्याआधीच्या चाचणीत ८५ लाख गाड्या तपासल्या गेल्या आणि १ लाखाहून अधिक चालक फोनसह सापडले. पहिले तीन महिने फक्त ताकीदपत्रं, मार्च २०२० पासून दंड. केरळने ५ जून २०२३ पासून ७२६ कॅमेऱ्यांच्या जाळ्यातून दंड सुरू केले, त्यांत मोबाईलचाही आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ साली सुरू झालेली यंत्रणाही वेग आणि सीटबेल्टसोबत मोबाईल टिपते. चित्रं कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, याचे कडक नियम हवेतच. पण हार्टफर्डच्या कडेला उभ्या राहिलेल्या पोलिसाचं काम हा कॅमेरा चोवीस तास करतो, आणि ते व्हायला हवं.

किती जीव जातात, हे भारत सरकारने वेगळं मोजायला सुरुवात केली २०१६ साली. त्या वर्षीच्या अहवालात वाहन चालवताना मोबाईल वापरल्यामुळे २,१३८ मृत्यू नोंदले गेले, २०२२ साली ३,३९५. खरा आकडा याहून मोठा असणार, कारण अपघातानंतर मृताचा किंवा आरोपीचा फोन कुठल्या क्षणी उजळला होता, हे युटातल्या त्या पोलिसासारखं कुणी खोदून पाहतंच असं नाही. गंभीर अपघाताच्या प्रत्येक तपासात फोनच्या नोंदी मागवणं सक्तीचं केलं, तर हा आकडा खरा होईल आणि खटलेही टिकतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

२२ मार्च २०२५ रोजी दादरहून पुण्याला निघालेल्या एसटीच्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. ना पोलिसाने पकडलं, ना कॅमेऱ्याने. गाडीतल्या प्रवाशाने चित्रण करून परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्यापर्यंत पोहोचवलं. चालकाला बडतर्फ करण्यात आलं आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीला ५,००० रुपये दंड झाला. एवढ्या वर्षांत कुणी प्रवासी बोलला नाही अशा किती गाड्या घाटातून गेल्या असतील? तेव्हा बसमध्ये, रिक्षात, ओला-उबरमध्ये मागे बसलेल्या प्रत्येकाने चालकाच्या हातात फोन दिसला की गप्प बसू नये. आधी शांतपणे सांगावं, 'दादा, फोन ठेवा किंवा गाडी बाजूला घ्या.' नाही ऐकलं, तर गाडीचा नंबर, वेळ आणि ठिकाण टिपून वाहतूक पोलिसांकडे तक्रार करावी.